सगळं जसंच्या तसं

"सगळं जसंच्या तसं यायला हवं," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला. "एखादी गोष्ट राहिली तर तुमच्या मालकाशी बोलेन मी."

"येईल हो, साहेब," दुकानातून आलेला रेडिओ म्हणाला. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून दुकानात सगळे त्याला रेडिओच म्हणत. आज मात्र त्याचीही बोलती बंद झाली होती. हा गृहस्थ खुर्ची ओढून अगदी मानगुटीवर बसला होता ना!

जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. पंखा घरघरायचा, मधेच पडदा काळा व्हायचा. शेजारी नवाकोरा लॅपटॉप, दोघांच्या मध्ये केबल. जुन्यात बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी पडद्यावर आली होती. ज्याच्यापुढे टिक, तो नव्यात जाणार.

बाई दारात उभी होती. ती घरबसल्या टायपिंगची कामं करायची, त्यामुळे हे मशीन तिचंच. एवढ्या उकाड्यात तिच्या बाह्या मात्र मनगटापर्यंत.

"दादा, सगळं न्या हं," ती हळूच म्हणाली. "काहीही गाळू नका."

"तुला कोणी विचारलं?" नवऱ्याने मानही वळवली नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. फोन बाईचा होता. त्याने नाव बघितलं, कापला आणि पुन्हा खिशात टाकला. रेडिओने सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. लोकांच्या घरात जाणाऱ्या माणसाला हे जमावंच लागतं.

यादी खाली सरकवता सरकवता तो एका जागी थांबला. नाव साधंसुधं, पण हा प्रोग्रॅम त्याने कुठे पाहिलेला नव्हता. त्याने उघडून बघितलं. थोड्या थोड्या वेळाने कॅमेऱ्यातून खोलीचा फोटो काढायचा आणि गुपचूप एका पत्त्यावर पाठवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. समोर बसलेल्या माणसाला पत्ताही लागणार नाही.

अरे वा! म्हणजे हा पठ्ठ्या बाहेर गेला तरी बायकोवर पहारा चालूच!

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. हे प्रोग्रॅम तुम्हीच बसवलेत का?"

"छे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

काय पण साळसूदपणा! रेडिओच्या डोक्यात तिडीक गेली.

दाराची बेल वाजली. नवरा उठून बाहेर गेला. रेडिओ झटकन बाईकडे वळला.

"ताई, यात एक प्रोग्रॅम आहे. कॅमेऱ्यातून फोटो काढतो आणि..."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोला! तो राहू द्या, दादा. पाया पडते तुमच्या. तो बंद पडला तर माझं काही खरं नाही."

नवऱ्याची पावलं वाजली आणि ती पदराने टेबल पुसू लागली.

रेडिओला भडभडून आलं. किती दहशत ही! फास काढायला निघावं, तर तो राहू दे म्हणतेय बिचारी. त्याचीही धाकटी बहीण होती. उद्या तिच्या वाट्याला असा नवरा आला तर? त्याने यादीतली ती एक टिक काढून टाकली आणि पुढचं बटण दाबलं.

काम कूर्मगतीने चाललं. मधे पडदा पुन्हा काळा झाला तेव्हा तिघांनीही श्वास रोखला. पण म्हाताऱ्या कॉम्प्युटरने तग धरला आणि अखेर सगळं नव्यात उतरलं.

"आता जुना पुसून टाका," नवरा म्हणाला. "भंगारात जाणार आहे."

रेडिओने तो मोठ्या आनंदाने पुसला.

"आलं ना सगळं?" बाईने विचारलं.

"काळजीच करू नका, ताई."

तिच्या जिवात जीव आला. ती पहिल्यांदाच हसली, आणि रेडिओला आपण केलं ते योग्यच केलं असं वाटलं.

नवरा त्याला जिन्यापर्यंत सोडायला आला. तिथे मात्र रेडिओला राहवेना.

"साहेब, स्पष्टच सांगतो. तो फोटो पाठवणारा प्रोग्रॅम मी नव्यात टाकलेला नाही. बायकोवर अशी पाळत ठेवणं शोभत नाही माणसाला."

"कसले फोटो?"

"आता कानांवर हात ठेवू नका!" आणि रेडिओने त्याला सगळं सुनावलं, फोटो कसे निघतात, कसे परस्पर जातात.

नवरा शांतपणे ऐकत राहिला. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाला आणि आत गेला. दाराची कडी लागली.

कशी जिरवली! रेडिओ शीळ घालत दुकानात परतला. मालकाला सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगत होता, तेवढ्यात फोन आला. एका तरुण मुलीचा आवाज होता.

"आज ताईकडे कॉम्प्युटर बदलायला तुम्हीच आला होतात ना? शेवटच्या फोटोत तुमच्या शर्टावर दुकानाचा हा नंबर दिसला. मी तिची बहीण. भाऊजी तिला फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून आम्ही दोघींनी चोरून तो प्रोग्रॅम बसवला. ती धड आहे की नाही, तेवढं तरी मला दिसतं. पण दुपारपासून एकही फोटो आलेला नाही."

रेडिओच्या कानात मघाची ती दाराची कडी वाजली.

"हॅलो? तुम्ही भाऊजींना काही बोलला नाहीत ना?"