भाकरीची वेळ

गुऱ्हाळापुढं गाडीला बैल जुंपले होते. अंजनाला पलूसला, माहेरी, कायमचं धाडायचं लालासाहेबांनी पक्कं केलं होतं.

सून भाकरीची पाटी घेऊन गुऱ्हाळावर आली, की कायलीत उकळणारा दुपारचा रस करपायचा. तीनदा आली, तीनदा गूळ काळा पडला. मध्ये दोन दिवस तिला घरी बसवलं. भाकरी आलीच नाही, बिराप्पा गुळव्यानं उसाच्या रसावर दिवस ढकलला, आणि गूळ कसा सोन्यासारखा उतरला. पोर पांढऱ्या पायाची, यात आणखी काय बघायचं? त्यात तिचा नवरा मानसिंग ब्रह्मदेशात लढाईवर. तीन महिने पत्र नव्हतं.

"आज गूळ गेला. उद्या माजं पोरगं जाईल," लालासाहेब म्हणाले.

बिराप्पा ऐकत होता. दीड महिना चुलवाणापाशी बसून त्याचं अंग आंबून गेलं होतं, डोळे धुरानं सुजले होते. मालकाशी वाद घालायचं त्राण कुणाला होतं? पण गाडीत चढता चढता अंजना वळली आणि त्याची भाकरी कुठं ठेवू म्हणून विचारू लागली. बिराप्पाला स्वतःचीच लाज वाटली.

"मालक, गाडी उद्या जुंपा. आज सूनबाईस्नी हितंच बसू द्या. भाकरी तेवढी फडक्यात बांधून ऱ्हाऊ द्या."

लालासाहेबांना ते रुचलं नाही. पण ऐन हंगामात गुळव्याचा शब्द मोडता येत नाही. गूळ बिघडला तर तूही तिच्याच गाडीत बस, एवढं बजावून ते बाजूला झाले.

अंजना कायलीपाशी बसून राहिली. बिराप्पा उपाशीपोटी जागचा हलला नाही. दुपार टळता टळता कायल उतरली. गूळ पिवळाधमक. लालासाहेबांनी तो बोटांत चोळून पाहिला, पुन्हा चोळून पाहिला.

"मग मागं कशानं बिघडला रं?"

"भाकरी आली की मी जेवाय उठायचो, मालक."

लालासाहेबांनी बोटं धोतराला पुसली. मग त्यांनी बैल सोडायला सांगितले.

पुढची कायल चढली. रसाला उकळी फुटली. अंजनानं फडकं सोडलं, तसा बिराप्पा गुडघ्यावर हात टेकून उठला. आणि रोजच्यासारखे लालासाहेब त्याच्या जागी, कायलीवर बसायला निघाले, ते दोन पावलांवरच थबकले.