दाराचं माप

"पाहुणे निघणार कधी, आत्याबाई?" तिर्झा सासूला रोज विचारायची. मिसरातल्या त्या गुलामांच्या घरात एका पूर्वजांच्या अस्थींची पेटी चारशे वर्षं मुक्कामाला होती. 'देव आपल्याला मायदेशी नेईल तेव्हा मलाही न्या,' असं ते मरताना बजावून गेले होते.

"देवानं शब्द दिलाय," सासू पेटी पुसत म्हणायची. तिर्झा त्याच पेटीवर मसूर निवडायची.

आज सकाळी मिसरच्या राजानं, फारोनं, हात टेकले, गुलामांना जाऊ दिलं आणि अख्खी वस्ती निघाली. चौघांनी पेटी उचलली; ती दारातच अडकली. उभी केली, तिरकी केली, पण निघेना.

"एवढंसं दार कुणी ठेवलं?" तिर्झानं विचारलं.

"मीच," सासू पुटपुटली. "घर नव्यानं बांधलं तेव्हा म्हटलं, मोठं कशाला, धूळ येते."

बाहेर शेवटची मेंढरं वळणाआड चालली होती. "राहू दे ती इथंच," नवरा म्हणाला. सासू मटकन खाली बसली.

तिर्झानं मुसळ उचललं आणि दाराशेजारच्या भिंतीवर पहिला घाव घातला.

"बाजूला सरका, आत्याबाई," ती म्हणाली. "देव बाहेर खोळंबलाय."