शरयू मेतकूट

दिनांक सात फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता, मिरजेतील एका वकिलांच्या कचेरीत थकलेले भाऊ-बहीण बसले होते. बहिणीच्या नावाने ते बावीस वर्षे मेतकूट विकत होते; तेच नाव आता दुसऱ्या उत्पादकाने नोंदवले होते.

“नाव आधीपासून तुमचं असल्याचा, तारीख असलेला एखादा छापील कागद?” वकिलांनी विचारले.

भावाने खोके उघडले. त्यात उद्योजक मेळाव्यांत मिळालेली, इतरांची शेकडो व्हिजिटिंग कार्डे होती.

“नोंदणीचं काढलं की हा म्हणायचा, ‘आपलं नाव कोण चोरतंय, ताई?’” शरयूताई म्हणाल्या.

त्या कार्डांतच नाव नोंदवणाऱ्या उत्पादकाचे कार्ड निघाले. मागे भावाचे टपोरे अक्षर होते: ‘सज्जन गृहस्थ. नमुना दिला.’

वकिलांनी ते वाचून परत दिले. “हा पुरावा टिकणार नाही. शरयूताई, पाकिटावरचं तुमचं नाव काढा.”