सिरॅमिकचे बेअरिंग

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाबांची माउंटन बाइक खुंटीलाच टांगलेली होती. "पेडल जड लागतं. सिरॅमिकचे बेअरिंग बसव, मग टेकडी चढतो," म्हणून रोज माझं डोकं खायचे. सायकल दुरुस्तीचं दुकान माझंच, शेवटी मागवले. पण माप घेताना मीच चुकले. नवे बेअरिंग बसेनातच. इकडे बाबा हेल्मेट घालून, नवरदेवासारखे दुकानात हजर! त्यांना खरं सांगवेना. मी जुनेच बेअरिंग पुसले, त्यांत ग्रीस भरलं आणि पुन्हा बसवून दिले. तासाभराने बाबा घामाघूम परतले. "थेट माथ्यापर्यंत गेलो! पेडल कसं भिंगरीसारखं फिरतंय. मी म्हणत नव्हतो?" मी मान डोलावली आणि नव्या बेअरिंगचा खोका हळूच पायाने टेबलाखाली सरकवला. बाकावर बसलेल्या आईने तो पाहिलाच. "माझंही पेडल हल्ली जड लागतं गं," ती म्हणाली. "यांना बसवलेस, तेच मलाही बसव."