वीस मतपत्रिकांचं पाकीट

"मावशी, तुमचं मत सकाळीच पडलंय," मतदान केंद्राध्यक्ष भामरे गुरुजींनी यादीवरचा अंगठा दाखवला.

भाजी विकणाऱ्या कौतिकबाईंनी बोट त्यांच्यासमोर नाचवलं. "मग शाई कुठाय?"

पंधरा वर्षं निवडून येणाऱ्या सरपंचाचे एजंट कोपऱ्यात हसले. गुरुजींनी नाइलाजानं एक पाकीट फोडलं. ज्यांच्या नावावर दुसऱ्यानंच मत टाकलं, त्यांच्यासाठी त्यात वीस कागदी मतपत्रिका असतात. बावीस वर्षांच्या निवडणूक ड्युटीत त्यांनी ते कधी फोडलं नव्हतं.

"पण ही मतं मोजत नाहीत हो. कोर्टानं मागितली तरच उघडतात."

"उघडतील तेव्हा उघडू दे. माझं मत मी कुणाला आंदण दिलेलं नाही." शिक्का मारून बाई तरातरा बाहेर गेल्या.

लगेच शाळेच्या अंगणातून त्यांचा आवाज आला, "तुमचंही मत दुसऱ्यानं टाकलंय ना? मग निमूट घरी काय निघालात? परत फिरा!"

चार वाजता एजंट हसत नव्हते. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. गुरुजींनी उभं राहून तालुक्याच्या निवडणूक साहेबांना फोन लावला.

"सर, वीसच्या वीस संपल्या. आणखी पाठवा."

"किती?"

गुरुजींनी रांगेकडे पाहिलं. "गावाला पुरतील इतक्या."