शेजारीण

घरयोजनेचे साहेब गेरच्या, त्या गोल मंगोल तंबूच्या, बुटक्या दारातून वाकून आत आले, तेव्हा खोर्लो नातीची पाठ चोळत होती. खोकून खोकून सहा वर्षांच्या सारनचे ओठ निळे पडले होते. उलानबातरच्या या टेकडीवर हिवाळाभर कोळशाचा धूर साचून राहतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला इथून हलवा, नाहीतर पुढचा हिवाळा तिला जड जाईल.

"नंबर लागलाय तुमचा," साहेब शेगडीवर हात शेकत म्हणाले. "एका खोलीचा फ्लॅट आहे. पण चारच माणसांना मिळतो. पाचवं निघालं, तर अर्ज मोठ्या घरांच्या यादीत जाणार. तिथं आणखी किती वर्षं लागतील, मलाही सांगता येणार नाही. कागदावर तुम्ही चौघंच आहात. पण खरं राहतं कोण कोण, ते मला डोळ्यांनी बघून लिहावं लागतं."

खोर्लोचा मुलगा लुत्बायर चाचरत म्हणाला, "मी, ही बायको, ही सारन. मोठी मुलगी शाळेत गेलीय."

"आणि या आजी?"

लुत्बायरनं तोंड उघडलं. खोर्लोनं त्याला बोलूच दिलं नाही.

"मी शेजारीण हो! चहाला म्हणून आले नि बसले गप्पा हाणत."

सारननं तिची बाही ओढली. "आजी, पाणी."

"अख्ख्या गल्लीची आजी आहे मी," खोर्लो हसत म्हणाली.

सुनेनं मान खाली घातली. साहेबांनी कागदावर चार लिहिलं आणि उठले.

"चला आजी, मीही निघालोच. बाहेर बर्फ गोठलाय, पाय घसरेल. घरापर्यंत सोडतो तुम्हाला."

आता उठणं भागच होतं. खोर्लोनं डगला चढवला. लुत्बायर फाटकापर्यंत आला. साहेब शेजारीच उभे होते.

"येत जा, काकू," तो कसाबसा म्हणाला.

"येईन हो. पोरीला जप."

तिसऱ्या फाटकाशी ती थांबली. कडीला हात घालताच आतला काळा कुत्रा साखळी ताणून तिच्या अंगावर भुंकू लागला. साहेब दचकले.

"अहो, हा तर घरच्या माणसावरच भुंकतोय!"

"नवा आहे," खोर्लो म्हणाली. कडीवरचा हात तिनं काढला नाही. "होईल सवय."