गोवराची सुई

२०१९ची गोष्ट. माझी नात वैभवी नऊ महिन्यांची झाली होती. आशाताई गोवराच्या लशीसाठी बोलवायला शिरगावात आमच्या घरी आल्या, तर सून दिशा दारात आडवी उभी राहिली. तिचा थोरला भाग्येश पाच वर्षांचा होऊनही बोलत नव्हता. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. बोईसरचा एक माणूस मात्र त्याला ‘लशीचं विष उतरवायचे’ थेंब द्यायचा.

“त्या गोवराच्या सुईनंच माज्या पोराची वाचा नेली. हिला नाय देनार,” दिशा म्हणाली. “आये, तुमीच नेलेलं ना त्याला? सांगा यांना.”

“हां,” मी म्हटलं.

वैभवी तिसऱ्या वर्षी गोवराने गेली. थेंबवाला दुकान बंद करून कुठे गेला, कळलं नाही. दिशा बाजारात मासे विकते, घरात फारसं बोलत नाही. भाग्येश माझ्याबरोबर बोंबील वाळत घालतो, एकही ओळ वाकडी होऊ देत नाही.



भाग्येश नऊ महिन्यांचा असताना, त्याच्या गोवराच्या लशीच्या दिवशी, बोटी बोंबलांनी भरून आल्या होत्या. त्याला टोपलीशेजारी निजवून मी दिवसभर बोंबील वाळत घातले आणि संध्याकाळी दिशाला सांगितलं, सुई देऊन आणलं.